भाडे म्हणजे व्याज नव्हे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. आजच्या शहरवासीयाला या म्हणीत एक तिसरे कलम घालावेसे वाटेल: घर पाहावे भाड्याने देऊन. ज्याने राहते घर बांधले त्याला गवंडी, सुतार आणि कंत्राटदार यांची ओळख होते. ज्याने दुसरे घर घेऊन ते भाड्याने दिले, त्याला यांच्याखेरीज दलाल, वकील, सोसायटीचे चिटणीस, महापालिकेच्या करखात्यातील कारकून, आयकराचे सल्लागार आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाडेकरू, अशा पुष्कळ मंडळींची ओळख होते.

मध्यमवर्गीय माणूस या वाटेला लागतो तो बहुधा निवृत्तीच्या सुमारास. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी हाती येते, गावाकडच्या जमिनीचे पैसे येतात, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले कोणी ना कोणी सांगते, "एक फ्लॅट घेऊन टाका. भाडे येत राहील, म्हातारपणाची काळजी नको." या सल्ल्यातला फसवा शब्द 'येत राहील' हा आहे. बँकेतील ठेवीचे व्याज येत राहते; त्यासाठी ठेवीदाराला पावती जपून ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. भाडे तसे येत नाही. ते दरमहा मिळवावे लागते.

याचे कारण भाड्याच्या स्वरूपातच आहे. भाडे म्हणून जी एक रक्कम आपल्या हाती पडते, तिच्यात तीन वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. पहिली, गुंतवलेल्या भांडवलाचा मोबदला. दुसरी, घराच्या झिजेची भरपाई. तिसरी, घर सांभाळण्याच्या कामाची मजुरी. यांतली पहिली वस्तू तेवढी व्याजासारखी आहे. उरलेल्या दोन वस्तूही जो व्याज समजून खर्च करतो, तो थोडे थोडे करून आपले घरच खात असतो. भाड्याच्या घरांच्या बहुतेक अडचणी या एका गैरसमजातून निघतात, म्हणून या तीन वस्तूंचा क्रमाने विचार करू.

प्रथम भांडवल. हिशेब पाटीवर मांडलेला बरा. समजा, एखाद्या गृहस्थाने पुण्याच्या उपनगरात ८० लाख रुपयांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दिवे-पंखे, स्वयंपाकघरातली कपाटे, खिडक्यांच्या जाळ्या मिळून आणखी ६ लाख गेले. म्हणजे भांडवल ८६ लाख. भाडे ठरले दरमहा २२ हजार. बारा महिन्यांचे २ लाख ६४ हजार होतात, आणि गृहस्थ हा आकडा मनात धरून बसतो. परंतु एक बिऱ्हाड जाऊन दुसरे येईपर्यंत रंग लावणे, जाहिरात देणे, घर दाखवणे यांत दिवस जातात. सरासरीने वर्षाकाठी एक महिना घर रिकामे राहते असे धरले, तर हाती येतात २ लाख ४२ हजार.

आता खर्च. सोसायटीची वर्गणी आणि घर स्वतः वापरत नसल्याबद्दलचे शुल्क मिळून ४२ हजार. मिळकत कर १४ हजार. दोन वर्षांतून एकदा महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, म्हणजे दर साल ११ हजार. करारनामा आणि त्याची नोंदणी करून देणाऱ्याची फी, ३ हजार. रंग, नळ, वीज आणि गळती यांसाठी सरासरी २० हजार. बेरीज ९० हजार. शिल्लक राहिले १ लाख ५२ हजार. ८६ लाखांवर हे शेकडा पावणेदोन रुपयांच्या आसपास पडते.

यातून आयकर जावयाचा आहे. कायदा असा की, मिळालेल्या भाड्यातून मालकाने भरलेला मिळकत कर प्रथम वजा होतो. उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. घरासाठी कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज वजा होते. दुरुस्तीवर मालकाने पाच हजार खर्च केले काय किंवा पन्नास हजार, वजावट तीच ३० टक्क्यांची. आपल्या उदाहरणात २ लाख ४२ हजारांतून १४ हजार गेले, राहिले २ लाख २८ हजार. त्यांतून ३० टक्के गेले, करपात्र राहिले १ लाख ५९ हजार ६००. म्हणजे जेवढे खरोखर हाती राहिले त्याहून अधिक रकमेवर कर! हा गृहस्थ २० टक्क्यांच्या पायरीवर असेल, तर उपकरासह सुमारे ३३ हजार रुपये आयकरात जातील. अखेर हातात १ लाख १९ हजार, म्हणजे शंभर रुपयांना दीड रुपयाहूनही कमी.

आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. शहर, इमारत आणि नशीब यांप्रमाणे ते बदलतील. परंतु मांडणीची ही रीत बदलणार नाही, आणि घर घेण्यापूर्वी प्रत्येकाने ती आपल्या आकड्यांनी करून पाहिली पाहिजे. कर्ज काढून घर घेणाऱ्याने तर दोनदा. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे ४३ हजार बसतो. २२ हजारांच्या भाड्यातून ४३ हजारांचा हप्ता 'परस्पर' कसा फिटावा?

यावर नेहमीचे उत्तर असते की, भाडे थोडे असले तरी घराची किंमत वाढते. ती पुष्कळदा वाढते, हे खरे. पण तो लाभ विकल्यावर मिळावयाचा. म्हातारपणी औषधाचे बिल आले म्हणून फ्लॅटची मोरी तेवढी विकता येत नाही. शिवाय जी वाढते ती मुख्यतः जागेची किंमत. वर उभी असलेली इमारत प्रत्येक पावसाळ्यात थोडी थोडी उतरतच असते.

येथे आपण दुसऱ्या वस्तूकडे, म्हणजे झिजेकडे येतो. भाड्यातून झिजेची भरपाई होणे बंद पडले म्हणजे काय होते, याचा फार मोठा आणि दुःखद प्रयोग आपल्या राज्यात होऊन गेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाडेवाढीला आवर घालणारा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तसे कायदे पुन्हा आले आणि त्यांतून १९४७ चा मुंबई भाडे कायदा सिद्ध झाला. युद्धाने महागाई वाढवली होती, बांधकाम थांबले होते, फाळणीनंतर निर्वासितांची रीघ लागली होती. अशा वेळी भाडेकरूला रस्त्यावर काढण्यापासून वाचवणे हे सरकारचे कर्तव्यच होते. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे चालू होते तेच प्रमाण भाडे ठरवले. करवाढीसारख्या काही कारणांपुरती वाढ घेता येई. मूळ भाडे मात्र तेथेच थांबले.

अडचण अशी झाली की भाडे थांबले, पण चुना, सागवान, लोखंड आणि गवंड्याची मजुरी थांबली नाही. गिरगाव-परळच्या चाळींत आणि पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत पुढे पुढे महिन्याचे भाडे दोन माणसांच्या एका वेळच्या जेवणाइतकेही उरले नाही. मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने 'घर मालकाचे' म्हणून हात लावला नाही. पन्हळी गळू लागल्या, जिन्यांच्या पायऱ्या निसटू लागल्या, तुळयांना वाळवी लागली. मालकाला जे भाड्यातून मिळत नव्हते ते तो बिऱ्हाड बदलताना पागडीच्या रूपाने चोरून घेऊ लागला, कारण पागडी घेणे त्या कायद्याने गुन्हा होता. अखेर मुंबई बेटावरील जुन्या इमारती दुरुस्त करण्यासाठी १९६९ साली सरकारला स्वतंत्र कायदा करून मंडळ स्थापावे लागले आणि त्यासाठी इमारतींवर उपकर बसवावा लागला. ज्या इमारती त्या वेळी या उपकराखाली आल्या, त्यांची संख्या १९ हजारांवर होती. पुण्याच्या वाड्यांना असे मंडळही लाभले नाही.

पुढे १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९४० च्या भाड्याशी जखडून ठेवणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने जुन्या भाडेकरूचे संरक्षण ठेवले, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीला कायद्याचे रूप दिले. पण शंभर रुपये भाडे असेल तर पहिल्या वर्षीची वाढ चार रुपयांची! ज्या इमारती तोपर्यंत मोडकळीस आल्या होत्या, त्यांच्या जिन्याची एक पायरीसुद्धा एवढ्याने बसत नाही.

हा इतिहास सांगण्याचा हेतू मालक चांगले आणि भाडेकरू वाईट, किंवा याच्या उलट, असे ठरवण्याचा नाही. ज्या कुटुंबांना त्या कायद्याने आसरा दिला त्यांची मुले त्याच खोल्यांतून शिकून मोठी झाली. मुद्दा एवढाच की, भाडे आणि देखभाल यांची ताटातूट झाली की घर दोघांचेही राहत नाही. आजचा फ्लॅटमालक कोणत्याही कायद्याने बांधलेला नसताना हीच ताटातूट स्वतःच्या हाताने करतो. भाडे घरखर्चात जाते. आणि पाच वर्षांनी न्हाणीघराची गळती खालच्या मजल्यावर उतरली की दुरुस्तीचा खर्च अवचित आलेले संकट वाटू लागतो. ते संकट नसते. पाच वर्षांच्या भाड्यात त्याचा पैसा आलेला असतो, तो आपण बाजूला ठेवलेला नसतो. म्हणून पहिला व्यावहारिक नियम असा करावा की, भाड्यासाठी बँकेत वेगळे खाते उघडावे आणि दरमहाच्या भाड्याचा निदान सहावा हिस्सा त्यातच राहू द्यावा. २२ हजारांच्या भाड्यात हे साडेतीन हजारांच्या पुढे होतात. वर्षाच्या दुरुस्त्या आणि रिकामा महिना यांची निम्म्याहून अधिक सोय त्यातूनच होते.

त्याच न्यायाने अनामत रकमेकडे पाहावे. अनामत हे भाडेकरूचे पैसे आहेत. घर सोडताना ते परत करावयाचे आहेत. मुंबईत तर भाडे नाममात्र आणि अनामत जबर, असा व्यवहारही होतो. ती रक्कम मुलीच्या लग्नात किंवा दुसऱ्या घराच्या हप्त्यात घातली, तर मालकाला नवा भाडेकरू मिळेपर्यंत जुन्याची अनामत देता येत नाही आणि तो रागाने घर सोडत नाही. पुष्कळ भांडणांचे मूळ येथे असते.

आता तिसरी वस्तू, मेहनत. घर भाड्याने देणाऱ्याचे पहिले काम लेखणीचे आहे. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी नको, अशी एक जुनी समजूत घर करून आहे. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, हा देशाच्या सर्वसाधारण नोंदणी कायद्याचा नियम. त्यातून ही अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने प्रत्येक भाडेकरार, तसाच 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार, लेखी आणि नोंदलेला असलाच पाहिजे, मग मुदत कितीही लहान असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. याहूनही महत्त्वाचे हे की, नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

'लीव्ह अँड लायसन्स' या शब्दांनाही इतिहास आहे. भाडेकरू एकदा आला की जात नाही, या भीतीने मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी नुसती राहण्याची परवानगी देण्याची ही युक्ती काढली. १९७३ साली सरकारने कायदा बदलून, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे अशा परवानगीने राहत होते त्यांना भाडेकरूचाच दर्जा दिला. त्या धसक्याने कित्येक घरांना कुलुपे लागली. आजच्या कायद्यात स्थिती निराळी आहे. राहण्यासाठी अशी परवानगी लेखी दिली असेल, तर मुदत संपताच जागा परत केली पाहिजे; न केल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते; आणि ताबा मिळवण्यासाठी दिवाणी दाव्याची लांब वाट न धरता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मात्र या सोयीचे दार उघडते ते लेखी कराराच्या किल्लीने.

हा खर्च काही फार नाही. मुद्रांक शुल्क मुदतीतले एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामतीवर दर साल दर शेकडा १० प्रमाणे धरलेले व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का असते. २२ हजार भाडे, एक लाख अनामत आणि दोन वर्षांची मुदत असेल तर बेरीज ५ लाख ४८ हजार, आणि शुल्क १,३७० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न जाता, घरी बसून अंगठ्याचा ठसा देऊन ही नोंदणी करता येते. एवढे पैसे वाचवण्यासाठी जो ८६ लाखांचे घर तोंडी बोलीवर देतो, त्याच्या काटकसरीला काय म्हणावे?

करारात काय लिहावे हेही थोडक्यात सांगतो. भाडे कोणत्या तारखेला, भाडेवाढ केव्हा आणि किती, सोसायटीची वर्गणी कोणी भरावी, घर मुदतीपूर्वी सोडावयाचे तर किती आगाऊ सूचना, हे तर लिहावेच. त्याशिवाय किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर हिंडून पाहावे आणि पंखे, दिवे, नळ, गीझर, भिंतींवरचे डाग यांची यादी करून दोघांनी सही करावी, विजेच्या मीटरचा आकडा टिपावा, छायाचित्रे काढावीत. घर सोडताना जे वाद होतात ते बहुतेक रंग आणि डाग यांवरून. दोन वर्षांच्या राहण्याने रंग उडतो ती झीज, तिचा भार मालकाचा. दाराला भोक पाडले ते नुकसान, त्याचा भार राहणाऱ्याचा. ही रेघ आधी आखली की मागून आवाज चढत नाहीत.

दुरुस्तीची विभागणीही अशीच. भिंती, छप्पर, भिंतीतले नळ आणि विजेच्या तारा मालकाच्या. बल्ब, नळाचा वॉशर आणि तुंबलेली जाळी राहणाऱ्याची, असा सर्वसाधारण संकेत आहे. कायदाही याला धरून आहे. भाडेकराराने दिलेले घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने दुर्लक्ष केले तर भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत रक्कम वळती करून घेऊ शकतो. आणि भाडेकरूशी कितीही बिनसले, तरी त्याचे पाणी किंवा वीज तोडणे हा उपाय नव्हे. कायद्याने त्यास मनाई आहे, आणि न्यायाची बाजू असलेला मालकही असे केल्याने अन्यायाच्या बाजूला जाऊन बसतो.

भाडेकरू निवडणे हे या सर्वांत नाजूक काम. ते बहुधा आडनाव, खाणेपिणे, जात आणि लग्न झाले की नाही, एवढ्या प्रश्नांवर उरकले जाते. यात माणुसकीचा प्रश्न आहेच. पण ज्याला नुसता व्यवहार पाहावयाचा आहे त्यानेही विचार करावा. घराला दोन माणसांची गरज असते: वेळेवर भाडे देणारा आणि घर निगुतीने वापरणारा. हे दोन्ही गुण आडनावावर लिहिलेले नसतात. ते कळतात नोकरीच्या कागदांवरून, मागच्या घरमालकाशी केलेल्या बोलण्यावरून आणि समोरासमोर बसून केलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पांवरून. आवडीनिवडीच्या हट्टापायी घर तीन महिने रिकामे राहिले, तर आपल्या उदाहरणातले ६६ हजार रुपये गेले. आणि चांगले बिऱ्हाड मिळाले असेल तर मुदत संपताना एक-दोन हजारांच्या वाढीसाठी त्याला घालवण्यापूर्वी रिकामा महिना, रंग आणि दलाली यांची बेरीज करावी. जुना चांगला भाडेकरू हीच या धंद्यातली खरी मिळकत आहे.

याखेरीज वारंवार करावयाची बारीक कामे असतात. स्थानिक पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावयाची. सोसायटीला आगाऊ कळवून कराराची प्रत द्यावयाची. तेथे हेही ठाऊक असावे की, घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. राज्य सरकारने २००१ साली तसा आदेश काढलेला आहे. पुण्यासारख्या ठिकाणी स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात जी ४० टक्के सवलत मिळते, ती घर भाड्याने दिल्यावर राहत नाही. ती तशीच घेत राहिल्यास पुढे थकबाकीची नोटीस येते.

जो मालक दूर आहे त्याची अडचण याहून मोठी. आज आपल्यातील पुष्कळ मुले परदेशी आहेत आणि त्यांचे फ्लॅट ठाण्याला, पुण्याला, नाशिकला आहेत. तो सांभाळण्याचे काम बहुधा सत्तरीच्या आईवडिलांवर येऊन पडते, आणि तेही नुसत्या तोंडी विश्वासावर. मुलाने रीतसर मुखत्यारपत्र करून दिलेले नसेल तर वडिलांना त्याच्या वतीने करार करता येत नाही, आणि प्रसंग पडल्यास दाद मागता येत नाही. कराचाही एक बारकावा आहे. मालक देशात राहणारा असेल तर दरमहा भाडे ५० हजारांच्या पुढे गेले तरच घरगुती भाडेकरूला त्यातून २ टक्के कर कापावा लागतो. मालक परदेशस्थ असेल तर भाडे कितीही लहान असो, सर्वसाधारणपणे ३० टक्के आणि वर उपकर कापून तो सरकारात भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. पुष्कळ भाडेकरूंना याची कल्पना नसते आणि मालक सांगत नाहीत. करार करताना हे बोलून घ्यावे.

अशीच एक गोष्ट वारसांची. भाड्याचे घर हे वाटून घेता येत नाही असे उत्पन्न आहे. वडिलांच्या मागे तीन भावंडांच्या नावावर एक फ्लॅट, भाडे एकाच्या खात्यात, दुरुस्तीच्या वेळी तिघे तीन दिशांना, हे चित्र परके नाही. मृत्युपत्र करून ठेवणे आणि घर कोणी सांभाळावे व त्या मेहनतीबद्दल त्याला काय मिळावे हे त्यात लिहिणे, हा त्यावरचा साधा इलाज. मेहनतीची मजुरी म्हणजे भाड्यातली तिसरी वस्तू. ती एकाने करावयाची आणि इतरांनी व्याज म्हणून वाटून घ्यावयाची, येथेच भाऊबंदकीचा आरंभ होतो.

एवढी खटपट पाहून कोणी म्हणेल, घर घ्यावे आणि कुलूप लावून ठेवावे हे बरे. असे म्हणणारे थोडे नाहीत. १९६१ साली भारतातील शहरी कुटुंबांपैकी ५४ टक्के भाड्याच्या घरात राहत होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. याच जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या वर घरे रिकामी आढळली. राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता, २० लाखांच्या वर. आणि एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास. ज्या शहरात लाखो माणसे झोपडीत राहतात, ज्या शहरात नोकरीसाठी आलेली मुलगी चार जणींबरोबर एका खोलीत राहते, त्याच शहरात ही घरे धूळ खात आहेत. यांतली काही घरे निव्वळ किंमत वाढण्याची वाट पाहत थांबलेली असतात. पण भाडेकरूच्या भीतीने आणि सांभाळण्याच्या कंटाळ्याने बंद असलेलीही पुष्कळ आहेत. कुलूपबंद घरालाही सोसायटीची वर्गणी आणि मिळकत कर द्यावा लागतो. तेथील नळ गंजतात, भिंतींना ओल धरते. त्या घराची झीज चालूच असते, फक्त ती भरून काढणारे भाडे नसते. जुन्या चाळींची गोष्ट नव्या फ्लॅटमध्ये अशी पुन्हा घडते.

म्हणून दुसरे घर घेण्याच्या विचारात असलेल्यांनी दलालाला भाव विचारण्याच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: या घरासाठी मी वर्षातले पंधरावीस दिवस देऊ शकेन काय? नळ फुटल्याचा फोन आल्यावर त्याच संध्याकाळी कोणाला तरी पाठवू शकेन काय? उत्तर 'नाही' असेल, तर ते पैसे बँकेत किंवा टपाल कचेरीत ठेवणे यात कमीपणा नाही. तेथे व्याज मिळते आणि झोपही. उत्तर 'होय' असेल, तर हिशेब आधी, करार लेखी, दुरुस्तीचे पैसे वेगळे आणि भाडेकरूशी बोलणे मोकळे, एवढ्या चार गोष्टी सांभाळून घर जरूर द्यावे. आपल्या मिळकतीत कोणाचा तरी संसार चालतो आहे, त्यांची मुले तेथे अभ्यास करीत आहेत, हे ध्यानात ठेवून जो मालक वागतो त्याला भाडे मिळते, घरही टिकते, आणि शहरातले एक कुलूप कमी होते.